साडूचं मलम आणि आतली भिंत

पार्श्वभूमी

यंत्राला पार्श्वभूमी लागते. तपासणीच्या यंत्रावर काहीही न ठेवता आधी नुसती हवा मोजून घ्यायची, मग नमुना ठेवायचा. म्हणजे हवेचा दोष नमुन्याच्या माथी बसत नाही. गोष्टीला एवढी चैन परवडत नाही. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा मलमाची डबी घरात आलेली होती, झाकण उघडं होतं आणि तपासनिसांची बायको आरशासमोर उभी राहून स्वतःच्याच गालावरून बोट फिरवत होती.

"बघा ना जरा."

"बघितलं," तपासनीस म्हणाले. त्यांच्या आणि बायकोच्या मध्ये अख्खं वर्तमानपत्र होतं.

"कागदातून?"

तपासनिसांनी वर्तमानपत्र खाली केलं. गाल होता तोच होता. पण होता त्यापेक्षा बरा दिसत होता, आणि खटकलं ते नेमकं तेच.

"भाऊजींनी केलंय. स्वतः, घरी, शेगडीपुढे उभं राहून. कुणी कुणासाठी एवढं करतं म्हणायचं! वास तर घेऊन बघा."

भाऊजी म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. म्हणजेच तपासनिसांचा साडू.

"वासावरून काही कळत नसतं," तपासनीस म्हणाले, आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. त्यानंतर बराच वेळ ते एकच ओळ वाचत होते, आणि तीही जाहिरातीतली.

आलेख

इथे एक आलेख आहे असं समजा. आडव्या रेषेवर वर्षं, उभ्या रेषेवर तपासनिसांची जळजळ.

डावीकडे रेषा सपाट आहे. साडूचं अजून लग्न झालेलं नाही. मग पहिली टेकडी: साडूने सासूबाईंचं शिवणयंत्र दुरुस्त केलं, जे तपासनिसांनी आधी दुरुस्त करून बंद पाडलं होतं. दुसरी टेकडी: साडूचे केस. तिसरी जरा टोकदार आहे. सासरेबुवांनी दोन्ही जावयांचा फोटो काढताना 'जरा बाजूला व्हा' असं म्हटलं होतं. ते कुणाला म्हटलं, याबद्दल घरात आजही दोन मतं आहेत. मध्ये एक छोटी सुखद दरी दिसते, तेव्हा साडूला कांजिण्या झाल्या होत्या. आणि उजव्या टोकाला, डबी आली त्या दिवशी, रेषा कागद सोडून वर निघून गेलेली आहे.

बरं, माणूस वाईट असता तर काम सोपं होतं. साडूचा धंदा लोकांना गाडी चालवायला शिकवण्याचा. शिकाऊ माणूस खांबाच्या दिशेने निघालेला असताना शेजारच्या सीटवर बसून 'छान, छान, आता हळूच डावीकडे' म्हणायचं, यावर त्याचं पोट. अशा माणसाशी भांडायचं कसं? तपासनिसांनाही गाडी त्यानेच शिकवली होती. म्हणजे त्याने शिकवली होती. तपासनीस शिकले नव्हते, ती गोष्ट निराळी.

'तपासनीस' हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते रंगाच्या कारखान्यात काम करत. भिंतींना, दारांना, खिडक्यांना लावायच्या रंगांत नेमकं काय आहे ते यंत्रावर आणि संगणकावर पाहत, आणि पुढे ते सगळ्या जगाकडे तसंच पाहू लागले, म्हणून बिल्डिंगने त्यांना हे नाव दिलं. कुणी चहा पुढे केला तरी ते आधी कप उजेडाकडे धरत.

आता या तपासनिसांना काय हवं होतं? फार नाही. बायकोने ती डबी बंद करावी आणि 'तुम्ही म्हणता तेच खरं' एवढंच म्हणावं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि हे वाक्य त्यांनी अजून एकदाही ऐकलेलं नव्हतं.

नमुना

नमुना चोरून घ्यावा लागला. बायको सकाळी फुलांच्या दुकानात जायच्या गडबडीत होती. तपासनिसांनी डबीत काडी घातली, टोकावर आलेला पांढरा गोळा डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या टोपणात पुसला, टोपण रुमालात आणि रुमाल खिशात.

"लावायचं असेल तर सरळ लावा की," बायको दारातून म्हणाली. "मी काय नाही म्हणतेय?"

"मला लावायचं नाहीये."

"मग टोपणाला लावताय?"

"त्यात काय आहे ते तपासायचंय. चेहऱ्याला काहीही फासायचं म्हणजे काय! उद्या काही झालं तर?"

"आधी हातावर घेऊन बघा. थोडंसं. लगेच कळेल."

"लावून बघणं ही चाचणी नव्हे," तपासनीस म्हणाले. "ती भोळी समजूत आहे."

बायकोने त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि ती जिना उतरून गेली. तपासनिसांना वाटलं, हरली.

पृष्ठभाग निवडा

प्रयोगशाळेतलं ते यंत्र दिसायला भाकरीच्या डब्याएवढं. वर हिऱ्याचा एक बारीक ठिपका. त्या ठिपक्यावर नमुना ठेवला की यंत्र खालून डोळ्याला न दिसणारा उजेड टाकतं. नमुन्यातला प्रत्येक पदार्थ आपल्या आवडीचा उजेड गिळतो आणि नावडता परत पाठवतो. कुणी काय गिळलं याची एक डोंगरदऱ्यांची रेषा संगणकाच्या पडद्यावर उमटते. मेणाची रेषा निराळी, खडूची निराळी, तेलाची निराळी. मग संगणक ती रेषा आपल्याजवळच्या असंख्य जुन्या रेषांशी ताडून बघतो आणि सांगतो, की हा गृहस्थ अमक्यासारखा दिसतो.

अमक्यासारखा. अमकाच नव्हे. हा फरक तपासनीस नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवत. "संगणकाला 'मला माहीत नाही' असं म्हणता येत नाही," ते बजावत. "त्याला घोडा दाखवा आणि समोर नुसत्या म्हशी उभ्या करा. तो म्हणेल, ही म्हैस आहे, जरा अंगाने बारीक."

म्हैस लक्षात ठेवा. तपासनीस विसरणार आहेत.

कारखान्यात नवी प्रणाली आली होती. जुन्या प्रणालीत नमुन्याबद्दल काय वाटेल ते लिहिता येई. कुणीतरी म्हणे त्यात भलतंच काही लिहून ठेवलं होतं, म्हणून नव्या प्रणालीने लिहिणंच बंद केलं आणि पर्याय दिले. पडद्यावर आलं: पृष्ठभाग निवडा. आतील भिंत. बाहेरील भिंत. लाकूड. लोखंड. सर्वांत खाली, पुसट अक्षरांत, 'सर्व'. त्यावर बोट ठेवलं की प्रणाली विचारी, 'साहेबांची परवानगी आहे का?'

साहेबांना काय सांगायचं? बायकोच्या चेहऱ्याचा प्रश्न आहे?

शेजारच्या टेबलावर छटावाल्या बाई बसत. ग्राहकाने आणलेल्या रंगाच्या तुकड्याशी हुबेहूब जुळणारी छटा बनवायची, हे त्यांचं काम.

"बाई, एक विचारतो. चेहरा कशात धराल?"

"कुणाचा?"

"समजा, माणसाचा."

"बाहेरील भिंत. ऊन लागतं."

"पण सतत पाऊस नाही ना लागत."

"मग माणूस बघून ठरवा, सर. काहींचा लाकूडही असतो," बाई म्हणाल्या. त्यांची नजर साहेबांच्या खोलीकडे होती.

तपासनिसांनी बराच विचार केला. बायको दिवसभर दुकानात, छपराखाली. संध्याकाळी घरात, छपराखाली. त्यांनी 'आतील भिंत' निवडलं. यंत्र गुणगुणलं, रेषा उमटली, आणि खाली अक्षरं आली:

पांढरा डिस्टेंपर. जुळणी ८६.

त्या क्षणी तपासनिसांना म्हैस आठवायला हवी होती. नव्या पोराने हेच उत्तर आणलं असतं तर त्यांनी त्याला तिथल्या तिथे सोलून काढला असता. पण त्यांना दिसत होता तो फक्त साडू: शेगडीपुढे उभा, हातात ब्रश, आणि बादलीत डिस्टेंपर. इतकं सुंदर दृश्य त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

जिना

त्यांनी ते फक्त खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंना सांगितलं. तेही काकूंच्या हातात साडूने विकलेली तशीच डबी दिसली म्हणून. तेही 'कुणाला बोलू नका' असं बजावून.

"मी कशाला बोलू!" काकू म्हणाल्या.

पुढचं सगळं जिन्यात झालं. कोण कोणत्या पायरीवर होतं ते महत्त्वाचं नाही.

— अहो, ऐकलंत का? डिस्टेंपर!

— तरीच. माझ्या गालाला परवा पापुद्रा धरल्यासारखा वाटला.

— पण गोरं दिसतं हं.

— भिंतही दिसते.

— तपासनीस, पाण्यात टाकून बघितलंत का? आमच्याकडे सगळं आधी पाण्यात टाकून बघतात.

— जाळून बघा. खरं असेल तर धूर सरळ वर जातो.

— कशाचा खरा धूर?

— ते मला नाही माहीत, पण सरळ जातो.

— दोन हात मारायचे की एक?

— आधी प्राइमर लावला होता का, ते विचारा.

तपासनीस मधल्या पायरीवर उभे राहून गंभीरपणे सांगत होते की, विज्ञान कुणाची भीड ठेवत नाही. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा भारदस्त झाला होता. इतकी माणसं त्यांचं बोलणं ऐकायला आजवर कधी थांबली नव्हती.

घरी बायको ओट्यापाशी उभी होती. धाकटी बहीण फोनवर रडल्याचं तिने सांगितलं. लोक डब्या परत आणून देताहेत, म्हणाली. एकीने तर डबी सरळ साडूच्या गाडीच्या टपावर ठेवली, आणि वर म्हणाली, गाडीलाच लावा.

"तुम्ही लावून बघितलंत?" बायकोने विचारलं.

"नाही."

"वास घेतलात?"

"छे!"

"मग काय केलंत?"

"यंत्रावर घातलं. यंत्र खोटं बोलत नाही."

"बरं," बायको म्हणाली. डबी तिने टेबलाच्या मधोमध, त्यांच्या ताटासमोर ठेवली आणि जेवण होईपर्यंत त्यांच्याकडे बघत बघत दोन्ही हातांना, कोपरांना आणि मानेला सावकाश मलम चोळत राहिली. नंतर ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. विचारलं तर उत्तर देई, पण भिंतीकडे बघून. आतल्या.

इथे खरं तर गोष्ट थांबायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून दाराशी बाटल्या येऊ लागल्या. एकदा तपासनीस म्हणून प्रसिद्धी झाली की तपासावं लागतं. शिवणवाल्या काकूंची पावडर आली. ती निघाली पुट्टी. वरच्या मजल्यावरच्या नववधूची लिपस्टिक आली. संगणक म्हणाला, लाकडी दारांसाठी, तांबडा, चकचकीत. विमा विकणाऱ्या काकांच्या बायकोने पदराआडून एक चिठ्ठी नसलेली काळी बाटली आणून दिली. काका सत्तरी ओलांडलेले, केस कोळशासारखे, आणि त्याबद्दल कुणी विचारलं की ते म्हणत, 'आमच्या घराण्यातच आहे.' तपासनिसांना पृष्ठभाग काय निवडावा कळेना. बाटली काळी म्हणून त्यांनी 'लोखंड' निवडलं. उत्तर आलं: ग्रिल व फाटकांसाठी, हवामानरोधक. हे उत्तर त्यांनी काकांच्या बायकोला द्यायचं ते चुकून जिन्यात काकांनाच दिलं. काका आठवडाभर टोपी घालून फिरले.

बिल्डिंगमध्ये आता सगळेच रंगवलेले होते, आणि सगळ्यांचाच तपासनिसांवर राग होता. साडू मात्र परवा जिन्यात भेटला तेव्हा नेहमीसारखाच म्हणाला, "दादा, रागावलात ना? मला कळलं. माझंच चुकलं. एकदा येऊन बोलणारच आहे तुमच्याशी."

म्हणजे कबूल! तपासनीस दोन पायऱ्या एकदम चढले.

दक्षता

नव्या प्रणालीची एक खोड तपासनिसांना ठाऊक नव्हती. बाहेरचा नमुना कारखान्याच्या मालाशी फार जुळला, तर ती आपणहून वरच्या मजल्यावर कळवत असे. वरच्या मजल्यावर दक्षता अधिकारी बसत. कुणी आपला माल चोरून, दुसऱ्या नावाने विकत नाही ना, हे बघायला त्यांना ठेवलं होतं, आणि आजवर त्यांना बघायला काहीच मिळालं नव्हतं. ते अतिशय उत्साहाने खाली आले.

"आपला पांढरा डिस्टेंपर कारखान्याबाहेर जातोय," ते म्हणाले.

"तो जायलाच हवा ना?" साहेब म्हणाले. "विकतो आपण."

"डब्यांतून नव्हे, साहेब. डबीतून. एवढ्याशा." त्यांनी बोटांनी डबी दाखवली. "हा नमुना यंत्रावर कुणी घातला?"

"मी," तपासनीस म्हणाले.

"शाबास. कुठे सापडला?"

"घरी."

"कुणाच्या?"

"माझ्या."

अधिकाऱ्यांचा उत्साह जरा कमी झाला आणि चष्मा जरा वर गेला. "हे विकतं कोण?"

"एक गृहस्थ आहेत. गाडी शिकवतात."

"त्यांचा कारखान्याशी काही संबंध?"

"कारखान्याशी नाही."

"कारखान्यातल्या कुणाशी?"

छटावाल्या बाईंनी छटा जुळवणं थांबवलं.

"साडू आहेत," तपासनीस म्हणाले.

"कुणाचे?"

काही प्रश्नांची उत्तरं अशी असतात की ती देताना माणसाची उंची कमी होते. "माझे," तपासनीस म्हणाले.

"म्हणजे डिस्टेंपर कारखान्यातून तुमच्या घरी, आणि तुमच्या घरून साडूंकडे," अधिकारी म्हणाले. ते आता अगदी प्रेमाने बोलत होते. "आणि मग पकडले जाऊ नये म्हणून तुम्ही स्वतःच तपासलंत. हुशारी आहे हं."

आता तपासनिसांपुढे दोन दारं होती. एकातून बाहेर पडलं तर साडू चोर ठरत होता आणि ते त्याचे साथीदार. दुसऱ्यातून बाहेर पडायला आपणच म्हैस विसरलो असं साहेबांसमोर, बाईंसमोर आणि विज्ञानासमोर म्हणावं लागत होतं. खरं सांगायचं तर त्यांनी क्षणभर पहिल्या दाराच्या कडीला हात घातला. पण फोनवर रडलेली धाकटी मेहुणी त्यांना आठवली, आणि ओट्यापाशी पाठ करून उभी असलेली बायको डोळ्यांपुढे आली.

"साहेब," ते म्हणाले, "मी चेहऱ्याला आतली भिंत म्हटलं. भिंतीचा नमुना म्हणून विचारलं, म्हणून संगणकाने भिंतीचं उत्तर दिलं. त्याच्यासमोर दुसरं काही ठेवलंच नव्हतं मी. 'सर्व' वर शोधायची परवानगी द्या."

साहेबांनी दिली. त्यांना हे सगळं आवडू लागलं होतं. अधिकाऱ्यांनी मात्र अट घातली: नमुना ताजा हवा, आणि तो साडूंनी स्वतः आणायचा.

सर्व

साडू आला. शिकवणीच्या गाडीतूनच आला; मागच्या सीटवर एक घाबरलेली शिकाऊ बाई तशीच बसून होती. त्याने डबी पुढे केली आणि तपासनिसांच्या शेजारच्या खुर्चीत बसला, अगदी शेजारच्या सीटवर बसावं तसा.

"छान, छान," तो हळूच म्हणाला. "घाबरू नका, दादा."

हिऱ्याचा ठिपका पुसला. हवा मोजली. मलम ठेवलं. रेषा उमटली, आणि 'सर्व' वर बोट पडताच संगणक आपली सगळी कपाटं उघडून बसला. भिंती, दारं, ग्रिल, वॉर्निश, गोंद, मेण. मग जुन्या प्रणालीतून आणून कोपऱ्यात टाकलेलं, कुणी कधी न उघडलेलं एक अडगळीचं कपाट.

जुळणी ९९.

अधिकाऱ्यांनी मान पुढे काढून मोठ्याने वाचलं. "हातांचं मलम. मेण, तेल, टाकणखार, पाणी, थोडं झिंक. नोंद करणारा..." त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "नोंद करणारे तुम्हीच आहात."

तपासनिसांनी आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"पृष्ठभाग," अधिकारी पुढे वाचत होते, "तिचे हात." ते थांबले. "तिचे म्हणजे कुणाचे?"

"त्यांच्या मिसेसचे असतील," छटावाल्या बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचे असते तर कारखान्याच्या संगणकात लिहिले असते का?"

"असा पृष्ठभाग मान्य नाही," अधिकारी पुटपुटले. "यामुळेच रकाना बंद करावा लागला आम्हाला."

आठवलं. सगळंच आठवलं. लग्नानंतरचे दिवस. बायको फुलांच्या दुकानात नुकतीच लागलेली. दिवसभर गार पाण्यात हात, काटे, सुतळी. तिची बोटं तडकायची. संध्याकाळी ती दोन्ही हात उशीवर उताणे ठेवून बसायची, कशालाही न टेकवता. तेव्हा एका पोराने, जो अजून कुणाचा तपासनीस झालेला नव्हता, मेण आणलं, टाकणखार आणला, औषधाच्या दुकानातून झिंकची पुडी आणली आणि तेलात तिच्या दुकानात उरलेला निशिगंध बुडवून ठेवला. घरातलं एकुलतं पातेलं कायमचं मेणचट झालं. हात बरे झाले, डबा संपला, बढती मिळाली आणि विषयही संपला.

"मी तुम्हाला न विचारता केलं, दादा," साडू म्हणत होता. "म्हणूनच तुम्ही चिडलात ना? मला वाटलं, ओळखलंत तुम्ही."

"तुला कुणी सांगितलं हे कसं करायचं?"

"तुम्हीच. गाडी शिकत होतात तेव्हा. रोज. क्लच सोडायचा नाहीत आणि बोलणंही. टाकणखार किती, मेण किती, पाणी कोमट का. सगळं ऐकलं मी."

आपलं बोलणं या जगात शेवटपर्यंत ऐकलेला एकच माणूस असावा आणि तो हा असावा, हे तपासनिसांना सहन होईना. पण त्याहून भयंकर काहीतरी पडद्यावर होतं. 'तिचे हात' असं कारखान्याच्या संगणकात बेधडक लिहून ठेवणारा तो पोरगा. तपासनिसांनी साडूचा हेवा केला होता, साडूच्या केसांचा केला होता. पण आत्ता त्या पोराचा वाटला, तसा हेवा त्यांना आजवर कुणाचाच वाटला नव्हता. त्या पोराला ते या घडीला सरळ वरच्या मजल्यावर दक्षता अधिकाऱ्यांकडे धाडू शकले असते.

"नव्व्याण्णव का?" एकाएकी त्यांनी विचारलं. "शंभर का नाही? काय घातलंस त्यात?"

"काही नाही, दादा. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. फक्त गार होईपर्यंत हलवत राहिलो."

"मीही हलवलं होतं."

"तुम्ही मध्येच सोडलं होतंत. का सोडलं ते सांगतच होतात, तेवढ्यात खांब आला."

खुलासा

जिन्यात खुलासा करावा लागला. तपासनीस पुन्हा त्याच मधल्या पायरीवर उभे राहिले, पण या वेळी आवाज भारदस्त होईना. मलम चांगलं आहे, म्हणाले. चूक यंत्राची नाही, विचारणाऱ्याची. पांढरं आणि ओलं दिसलं म्हणून संगणकाने डिस्टेंपर म्हटलं. समोर भिंतीच होत्या. पावडर पावडर आहे, लिपस्टिक लिपस्टिक.

— आणि आमचे केस? टोपीखालून विचारलं गेलं.

"ते मी 'सर्व' वरही बघितलं, काका," तपासनीस म्हणाले. सवय लवकर जात नाही.

— पण मलम मुळात केलं कुणी म्हणालात?

"मी."

शिवणवाल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे स्वतःच्याच मलमाला डिस्टेंपर म्हणालात? एवढा द्वेष स्वतःचा बरा नव्हे हो."

वर बायको दारात उभी होती. सगळं ऐकलेलं होतं. तपासनीस आत आले, खुर्चीत बसले. तिने डबी उघडली, त्यांचे दोन्ही हात पुढे ओढले आणि मलम लावायला सुरुवात केली. निशिगंधाचा वास आला. हात नाकाशी न्यायचीही गरज नव्हती. खोलीभर होता, पहिल्या दिवसापासून.

"तुला कधी कळलं?"

"झाकण उघडलं तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं, तपासनीस आहेत. ओळखतील." ती एकेक बोट चोळत होती. "वाट बघत होते. तुम्ही टोपणात घेऊन गेलात."

तपासनीस हातांकडे बघत म्हणाले, "मी मूर्ख माणूस आहे."

"तुम्ही म्हणता तेच खरं," बायको म्हणाली.

इतक्या वर्षांनी ऐकलं. हे वाक्य ऐकल्यावर कसं वाटेल याची त्यांनी पुष्कळ कल्पना केली होती. आश्चर्य म्हणजे, जवळपास तसंच वाटलं.

"तेव्हा मी केलेलं तुझ्या लक्षात होतं तर," ते म्हणाले.

"विसरेन कशी? पातेलं अजून ठेवलंय मी." तिने डबीचं झाकण लावलं. "पण खरं सांगू? रागावणार नसाल तर."

"सांग की."

"भाऊजींचं जरा जास्त मऊ आहे हो."

तपासनीस उठले. स्वयंपाकघरात गेले, खालच्या कप्प्यात मागे ठेवलेलं ते मेणचट पातेलं शोधून काढलं आणि शेगडीवर चढवलं.

"आता काय?" बायकोने बाहेरून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "हलवणार आहे. गार होईपर्यंत."